चारी दिशा ओळखणारा

पूर्वेला किती आणि उत्तरेला किती, एवढं त्याच्या हातात ठेवायचं. तो दिशा सांगतो. काम एवढंच, पण ते त्याच्याइतकं चोख करणारं सी भाषेत दुसरं कोणी नाही. नाव एटॅन-टू. प्रोग्रॅमच्या माथ्यावर ‘मॅथ डॉट एच’ जोडली की हाकेला ओ देतो.

त्याला तीन भावंडं आहेत : एसाइन, एकॉस आणि एटॅन. शाळेतले साइन, कॉस, टॅन कोन घेतात आणि गुणोत्तर देतात. ही चौघं उलट्या वाटेची, गुणोत्तरावरून कोनाकडे जाणारी. ही वाट अवघड, कारण एकाच गुणोत्तराचे मालक अनेक कोन असतात. ३० अंशांचा साइन अर्धा, १५० अंशांचाही अर्धाच. एसाइनला अर्धा दिला की तो ३० सांगून मोकळा होतो. १५० ची शक्यता त्याच्या गावीही नसते. तो उणे ९० ते अधिक ९० अंशांच्या बाहेर पाऊल टाकत नाही. एटॅनचं कुंपणही तेवढंच. एकॉस ० ते १८० मध्ये राहतो. अख्खं वर्तुळ, उणे १८० पासून अधिक १८० पर्यंत, एकटा एटॅन-टू सांभाळतो. (ही सगळी मंडळी उत्तर रेडियनमध्ये देतात. इथं मी वाचायला सोपे म्हणून अंश लिहितो आहे.)

या फंक्शनबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्याची खरी किंमत कळायची तर जुन्नर तालुक्यात यावं. नारायणगावाहून पूर्वेला खोडदकडे निघालं की द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांपलीकडे जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि अशा ३०. त्यांतल्या १४ खोडदजवळ साधारण एका चौरस किलोमीटरात दाटीनं उभ्या आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन बाजूंना पसरल्या आहेत, इतक्या लांब की टोकाच्या दोन अँटेनांमधलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातं. हीच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, जीएमआरटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रानं ती उभी केली. कल्पना आणि नेतृत्व गोविंद स्वरूप यांचं. २००२ पासून ती जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी खुली आहे. एवढ्या मोठ्या तबकड्या परवडणाऱ्या खर्चात व्हाव्यात म्हणून स्वरूप यांनी पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर बसवलेली बारीक पोलादी तारेची जाळी वापरली. तार अर्ध्या मिलिमीटरहून थोडीच जाड. वारा जाळीतून निघून जातो, रेडिओ लहरी मात्र परत फिरतात.

पण या तबकडीला वळायला सांगणार कसं?

स्वरूप यांच्या आधीच्या मोठ्या दुर्बिणीला हा प्रश्न फारसा पडतच नव्हता. १९७० मध्ये तयार झालेली उटीची रेडिओ दुर्बीण ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. तिच्यासाठी त्यांनी अशी टेकडी शोधली की तिचा उतार आणि तिथला अक्षांश दोन्ही ११ अंशांच्या आसपास. दुर्बिणीचा लांब आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. मग आकाशातल्या वस्तूच्या मागे जायला एकाच आसाभोवती एकाच वेगानं फिरत राहिलं की पुरे. डोंगराच्या उतारानंच त्रिकोणमिती आधी करून ठेवली होती. मला ही गोष्ट भारतीय अभियांत्रिकीतल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते.

खोडदला तशी सोय नाही. इथली प्रत्येक तबकडी दोन आसांवर फिरते : एक आडवं वळण आणि एक वर-खाली झुकणं. आडव्या वळणाच्या कोनाला दिगंश म्हणतात. इथं आपण तो उत्तरेपासून पूर्वेकडे मोजू. क्षितिजापासूनच्या उंचीच्या कोनाला उन्नतांश. खगोलशास्त्रज्ञ मात्र वस्तूचा पत्ता वेगळ्या भाषेत देतो : तिची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर, आणि होराकोन, म्हणजे ती डोक्यावरची मध्यरेषा ओलांडायला किती वेळ उरला किंवा ओलांडून किती वेळ झाला. पृथ्वी फिरत असल्यानं होराकोन क्षणाक्षणाला बदलतो आणि त्याबरोबर दिगंश व उन्नतांशही बदलतात. म्हणून पत्त्याचं दिशेत रूपांतर निरीक्षण चालू असेपर्यंत पुन्हा पुन्हा करावं लागतं. अशा दोन आसांवरच्या जगातल्या प्रत्येक दुर्बिणीला हे चुकत नाही. ते सी मध्ये लिहायला बसलं की शेवटची ओळ एटॅन-टूच्या दारात येऊन थांबते.

एक उदाहरण हातानं करून पाहू. आपल्या आकाशगंगेचं केंद्र धनू राशीत आहे. त्याची क्रांती उणे २९ अंश. खोडदचा अक्षांश १९ अंश ६ मिनिटांच्या जवळपास. केंद्र मध्यरेषेवर यायला दोन तास उरले आहेत, म्हणजे होराकोन उणे ३० अंश. आधी तीन आकडे काढायचे : वस्तू पूर्वेला किती, उत्तरेला किती आणि वर किती. पूर्वेचा आकडा म्हणजे क्रांतीचा कॉस गुणिले होराकोनाचा साइन, आणि त्यापुढे उणे चिन्ह. उत्तर येतं ०.४३७. उत्तरेच्या आकड्यासाठी अक्षांशाचा कॉस गुणिले क्रांतीचा साइन घ्यायचा. त्यातून अक्षांशाचा साइन, क्रांतीचा कॉस आणि होराकोनाचा कॉस यांचा गुणाकार वजा करायचा. येतात उणे ०.७०६. उणे, म्हणजे वस्तू दक्षिणेच्या अंगाला आहे. वरचा आकडा ०.५५७.

आता दिशा. एटॅनला एकच आकडा चालतो, म्हणून भागाकार करून द्यावा लागतो : ०.४३७ भागिले उणे ०.७०६ बरोबर उणे ०.६१९. एटॅन म्हणतो, उणे ३१.८ अंश. म्हणजे उत्तरेपासून थोडं पश्चिमेकडे, खोडदहून पाहिलं तर साधारण ओतूरच्या अंगाला. आकाशगंगेचं केंद्र मात्र आग्नेयेला आहे! तबकडी नेमकी पाठ करून उभी राहिली. यात एटॅनचा दोष नाही. भागाकार झाला तेव्हाच चिन्हं कोणाची होती हे पुसलं गेलं. अधिक भागिले उणे आणि उणे भागिले अधिक यांत फरक करायला त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. तेच दोन आकडे न भागता एटॅन-टूच्या हाती द्या. तो दोन्हींची चिन्हं पाहतो, पूर्व आहे आणि दक्षिण आहे हे ओळखतो, आणि सांगतो १४८.२ अंश. आग्नेय. बरोबर.

त्याचा हा गुण मला सर्वांत मोठा वाटतो. दोन आकडे शेवटपर्यंत वेगळे धरणं ही साधी गोष्ट, पण तेवढ्यानं तो चारी दिशा ओळखतो.

उन्नतांशासाठी बहुतेक पुस्तकं एसाइनकडे पाठवतात : वरचा आकडा ०.५५७, त्याचा एसाइन ३३.९ अंश. इथं ते चालून जातं. पण वस्तू माथ्यावर आली की एसाइनचा जीव घाबरा होतो. याची कसोटी बघायला स्वातीचा तारा घ्या. स्वाती रेडिओ लहरींत मंद आहे, तेव्हा खोडदच्या दुर्बिणीला तिच्यात विशेष काम नाही. पण गणिताच्या परीक्षेला तिच्याइतकी चांगली वस्तू या भागाच्या आकाशात दुसरी नाही. स्वातीची क्रांती दरवर्षी कोनाच्या सुमारे १८ ते १९ सेकंदांनी घटते आहे आणि सध्या ती १९ अंश ३ मिनिटांच्या आसपास आहे. म्हणजे खोडदवरून पाहता स्वाती अगदी डोक्यावरून जाते. माथ्यापासून कोनाची जेमतेम तीन मिनिटं दूर, पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या दहाव्या हिश्श्याएवढं अंतर. २०१६ च्या सुमारास तर ते जवळपास शून्यच होतं. उन्हाळ्यातल्या रात्री जुन्नर-आंबेगावात अंगणात उताणं पडून जो नारिंगी तेजस्वी तारा बरोबर माथ्यावर दिसतो, तो हाच.

माथ्यावर वरचा आकडा १ होतो. संगणकात आकडे ठरावीक घरांपर्यंतच साठवले जातात, त्यामुळे गुणाकार-बेरजेच्या शेवटी १ च्या जागी १.०००००००००००००००२ असंही येऊ शकतं. साइन १ पेक्षा मोठा असा कोनच नसतो. एसाइन आणि एकॉस दोघेही अशा वेळी ‘नॅन’ नावाचं उत्तर देतात, म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’. आणि नॅन ज्या ज्या बेरीज-गुणाकारात शिरेल तिथलं उत्तरही नॅन करून टाकतो. मोटरला कोन म्हणून नॅन पाठवला तर पुढे काय होईल, याची कल्पना न केलेली बरी. 

दुसरं दुखणं शांतपणे होतं, त्यामुळे ते जास्त घातक. १ च्या जवळ साइन इतका हळू वाढतो की कोनात बराच बदल होऊनही आकडा हलत नाही. सी मधल्या फ्लोट या कमी घरांच्या प्रकारात १ च्या लगेच खालचा जो आकडा साठवता येतो, त्याचा एसाइन ९० अंशांपासून कोनाच्या तब्बल ७१ सेकंद खाली आहे. मधलं काहीच एसाइनला सांगता येत नाही. खोडदच्या अँटेनांकडून, वारा कमी असताना, कोनाच्या एका मिनिटाच्या आसपास अचूक नेम अपेक्षित असतो. म्हणजे फ्लोट वापरून एसाइन लावला, तर ती सगळी मुभा गणितच खाऊन टाकतं. जास्त घरं असलेल्या डबल प्रकारात ही अडचण पार लहान होते, पण १ च्या पलीकडे जाऊन नॅन येण्याचा धोका तिथंही राहतो. उपाय पुन्हा एटॅन-टू. वरचा आकडा एका हातात, आणि पूर्व-उत्तर या दोन आकड्यांचा कर्ण दुसऱ्या हातात. कर्ण काढायला १९९९ च्या सी प्रमाणापासून हायपॉट आहेच. माथ्यावर कर्ण शून्याकडे जातो, पण लहान आकडे संगणकाला मोठ्या बारकाईनं धरता येतात, म्हणून उत्तर शेवटपर्यंत तीक्ष्ण राहतं. वरचा आकडा चुकून १ च्या किंचित पलीकडे गेला तरी एटॅन-टू डगमगत नाही. त्याच्या दारात कोणताच आकडा मर्यादेबाहेरचा नसतो.

माथ्यावर आणखी एक पेच आहे, तो मात्र यंत्राचा. वस्तू पूर्वेकडून येऊन डोक्याच्या अगदी जवळून पश्चिमेला गेली की दिगंश झपाट्यानं फिरतो. स्वातीच्या वाटेवर तो क्षणभर मिनिटाला अडीचशे अंशांहून जास्त वेगानं बदलतो. खोडदच्या तबकड्यांचं आडवं वळण मिनिटाला ३० अंश. तेव्हा माथ्याभोवतीच्या साधारण अर्ध्या अंशाच्या वर्तुळात कोणत्याही फंक्शननं कितीही अचूक दिशा सांगितली तरी लोखंड तिथं वेळेत पोचत नाही. पण तबकडी उन्नतांशात १७ ते ११० अंश फिरते, म्हणजे आडवं वळण न घेता डोक्यावरून पलीकडे २० अंश झुकण्याची मोकळीक तिला आहे.

मोठेपणा सांगितला, तशी त्याची मर्यादाही सांगायला हवी. एटॅन-टू दिशा सांगतो, वेढे मोजत नाही. आकाशगंगेचं केंद्र दोन तासांनी दक्षिणेला येतं, सुमारे ४२ अंश उंचीवर. त्या क्षणाआधी तो १७९ अंश म्हणतो आणि त्या क्षणानंतर उणे १७९. दोन दिशांत फरक दोनच अंशांचा, पण हा आकडा जसाच्या तसा मोटरला पाठवला तर तबकडी दोन अंश पुढे जाण्याऐवजी ३५८ अंश उलटी फिरत निघेल. मिनिटाला ३० अंशांच्या वेगानं त्याला जवळपास १२ मिनिटं लागतात, आणि निरीक्षण मधेच तुटतं. खोडदच्या तबकड्या आडव्या दिशेत दोन्हीकडे २७० अंशांपर्यंत फिरतात, तेव्हा १८१ अंशांवर जाणं त्यांना सहज शक्य आहे; पण उणे १७९ म्हणजेच १८१ हे ओळखून ३६० मिळवण्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची. केबलला किती पीळ बसला आहे हे एटॅन-टूला ठाऊक नसतं. त्याला फक्त आत्ताचे दोन आकडे दिसतात.

याच सीमेवर त्याचा एक बारीक स्वभाव कळतो. संगणकातल्या आकड्यांत अधिक शून्य आणि उणे शून्य असे दोन शून्य असतात. बहुतेक फंक्शनांच्या उत्तरात त्यानं मोठा फरक पडत नाही. याच्या उत्तरात पडतो. वस्तू बरोबर दक्षिणेला असेल आणि पूर्वेचा आकडा अधिक शून्य असेल तर तो १८० म्हणतो. उणे शून्य असेल तर उणे १८०. शून्यापर्यंत येताना आकडा पूर्वेकडून आला की पश्चिमेकडून, एवढी खूण चिन्हात उरलेली असते आणि तो ती वाया जाऊ देत नाही. दोन्ही आकडे शून्य असले, म्हणजे दिशा विचारण्यालाच अर्थ नसला, तरीही तरंगत्या दशांशांच्या प्रमाणानुसार चालणाऱ्या यंत्रांवर तो नॅन म्हणत नाही. ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे शून्य, १८० किंवा उणे १८० असं उत्तर देतो.

तबकड्या वळवून झाल्या तरी त्याचं काम संपत नाही. रेडिओ दुर्बीण ३० तबकड्यांची असली तरी पाहते जोड्यांनी, आणि ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडीच्या दोन लहरींची तुलना केली की दोन आकडे हाती येतात, एक कॉसचा आणि एक साइनचा. त्यांवरून एक लहर दुसरीच्या किती मागे आहे तो कोन, म्हणजे कला, काढायचा. साइन आणि कॉस वेगवेगळे हातात आहेत आणि अख्ख्या वर्तुळातला कोन हवा आहे. हे तर त्याचंच घरचं काम. दुर्बिणीच्या चित्राचा बराचसा तपशील या कलांमध्ये असतो. तिथंही १७९ वरून उणे १७९ वर उडी येते, आणि ती उडी आकाशातली आहे की फक्त लिहिण्याची, हे माणसानंच ठरवायचं.

आता थोडं त्याच्या आत डोकावू. १९९३ साली सन मायक्रोसिस्टिम्सनं गणिताच्या फंक्शनांचा एक संच सर्वांसाठी खुला केला, एफडी-लिब-एम. आजच्या अनेक प्रणालींतल्या गणिताच्या लायब्ररींचं मूळ तिथं सापडतं. त्यात एटॅन-टू आधी शून्य आणि अनंत असे विशेष प्रसंग निवडून बाजूला काढतो. मग चिन्हं लक्षात ठेवून दोन आकड्यांचा भागाकार करतो, तो धाकट्या एटॅनकडे सोपवतो, आणि आलेलं उत्तर चिन्हांप्रमाणे योग्य चतुर्थांशात नेऊन बसवतो. तिथं नेताना १८० अंशांचा, म्हणजे रेडियनमधला पाय (π) वापरावा लागतो, पण डबलमध्ये पाय पूर्ण मावत नाही. सोळाव्या दशांशस्थळाच्या आसपास थोडा उरतो. ती उरलेली चिमूट, ०.०००००००००००००००१२२ च्या घरातली, वेगळी लिहून ठेवली आहे आणि वजाबाकीत ती हिशेबात धरली जाते. जुन्या पेढीवर पैचाही हिशेब ठेवत, तसा.

आणि तो धाकटा एटॅन? तो आलेल्या आकड्याचे पाच टप्पे पाडतो. सीमा ७/१६, ११/१६, १९/१६ आणि ३९/१६. टप्प्याप्रमाणे मोठा आकडा लहान करून घेतो आणि मग एक बहुपदी मोजतो. तिचे पहिले सहगुणक पाहण्यासारखे आहेत : ०.३३३३३३३३३३३३३२९, मग उणे ०.१९९९९९९९९९९८७६, मग ०.१४२८५७१४२७२५. हे एक तृतीयांश, एक पंचमांश आणि एक सप्तमांशच आहेत, फक्त शेवटच्या अंकांत जरा सरकवलेले. मूळ मालिका म्हणजे आकडा, वजा त्याच्या घनाचा तिसरा भाग, अधिक पाचव्या घाताचा पाचवा भाग, अशी न संपणारी. ती केरळातल्या संगमग्रामच्या माधवांची. चौदाव्या शतकात जन्मलेल्या या गणितज्ञाची ही मालिका सोळाव्या शतकातल्या ज्येष्ठदेवांच्या ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात उपपत्तीसह दिलेली आहे. न संपणारी मालिका यंत्राला पुरी करता येत नाही, म्हणून अकरा पदांवर थांबायचं आणि थांबल्यानं येणारी चूक टप्पाभर वाटली जावी म्हणून सहगुणकांना किंचित हलवायचं. सी च्या लायब्ररीत माधवांची मालिका जवळपास ओळखू येईल अशा रूपात बसली आहे, हे पाहून मला दर वेळी आनंद होतो.

आपल्याकडेही या उलट्या वाटेशी झुंज जुनी आहे. ज्येवरून (म्हणजे साइनवरून) चाप (म्हणजे कोन) काढायचं ते कोष्टकं पाहून, मधले आकडे अंदाजानं भरून. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तर १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचताना ज्या आणि चाप दोन्ही टाळली आणि सोप्या भागाकार-गुणाकारांनी ग्रहांचं गणित बसवलं. शतकानुशतकं मराठी मुलखातली पंचांगं या ग्रंथावर चालली. गणेश दैवज्ञांसारख्या माणसानं ज्या वाटेला वळसा घातला, ती वाट आज कोणीही एका ओळीत चालून जातो, यावरून या फंक्शनांमागे किती पिढ्यांचे कष्ट आहेत ते ध्यानात यावं. विसाव्या शतकात जॅक व्होल्डर या अमेरिकन अभियंत्यानं विमानाच्या दिशादर्शनासाठी कॉर्डिक ही रीत शोधून १९५९ मध्ये छापली; नुसत्या बेरजा आणि अंक सरकवण्यानं ती हाच कोन काढते.

भाषेत त्याची जागा पक्की आहे. फोर्ट्रानमध्ये तो सी च्या आधीपासून होता, १९८९ च्या पहिल्या सी प्रमाणात आला, १९९९ ला त्याचे फ्लोट आणि लाँग डबल अवतार आले, आणि अलीकडच्या सी-२३ मध्ये पायच्या पटीत उत्तर देणारं भावंडही मिळालं.

दुर्बीण सोडून खाली जमिनीवर आलो तरी तो भेटतोच. आंबेगाव तालुक्यात डिंभ्याच्या कालव्याखालच्या जमिनींची मोजणी होते, तेव्हा एका हद्दीच्या दगडापासून दुसरा पूर्वेला किती मीटर आणि उत्तरेला किती मीटर हे रोव्हर या उपग्रहांच्या मदतीनं मोजणाऱ्या यंत्रावरून मिळतं. बांध कोणत्या दिशेनं जातो हे काढायचं ते याच गणितानं. नारायणगावच्या द्राक्षबागायतदाराला फवारणीआधी वाऱ्याची सरासरी दिशा हवी असते. एकदा वारा ३५० अंशांवरून आला, एकदा १० वरून, दोन्ही उत्तरेचेच. नुसती सरासरी काढली तर १८० येते, म्हणजे दक्षिण. दोन्हींचे साइन आणि दोन्हींचे कॉस वेगवेगळे मिळवून एटॅन-टूला दिले की शून्य येतं. उत्तर.

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदची दुर्बीण लोकांना पाहायला खुली होते आणि आसपासच्या शाळा-महाविद्यालयांची मुलं गर्दी करतात. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या महाविद्यालयांत सी शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे : मुलांना तिथं नेण्याआधी वर्गात वर दिलेलं आकाशगंगेच्या केंद्राचं गणित करून घ्या. आधी एटॅननं, मग एटॅन-टूनं. मग खोडदला तबकडी वळताना दाखवा. आणि एक गोष्ट फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. या फंक्शनला वाय आधी द्यायचा असतो आणि एक्स नंतर. आलेखाच्या वहीतला कोन एक्स अक्षापासून मोजतात, तेव्हा उत्तर आधी आणि पूर्व नंतर. होकायंत्राचा दिगंश उत्तरेपासून मोजतात, तेव्हा पूर्व आधी आणि उत्तर नंतर. हा क्रम उलटला तर कंपाइलर काही बोलत नाही, प्रोग्रॅम चालतो, आणि तबकडी चुकीच्या आकाशाकडे बघत राहते.